जहाजावर चढताना आणि उतरताना व्हीलचेअरची मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर आई-वडिलांना न्यावे असे अनेकांच्या मनात असते, आणि बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते : गुडघे दुखणाऱ्या माणसाला धक्क्यावरून जहाजात न्यायचे कसे? आईला आणि आत्याला घेऊन मी या वाटेने गेलो, तेव्हापासून नातेवाईक आणि सोसायटीतील शेजारी जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक क्रूझ कंपनीचे नियम थोडेफार वेगळे असतात. म्हणून आरक्षण करताना आपल्या कंपनीच्या अटी वाचणे आवश्यकच आहे.

आई घरात व्यवस्थित चालते. तिच्यासाठी व्हीलचेअर मागणे खोटेपणाचे ठरणार नाही का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो बहुधा मुलांचा नसतो, आईचाच असतो : "मी काय अपंग आहे का?" स्वयंपाकघर, देवघर आणि गॅलरी यांच्यामध्ये दिवसभर चालणारे माणूस एका वेळी वीस-पंचवीस पावलेच चालत असते आणि प्रत्येक टप्प्यावर टेकायला ओटा, खुर्ची किंवा भिंत असते. टर्मिनलमध्ये परिस्थिती उलटी असते. सामान देण्याची रांग, सुरक्षा तपासणी, चेक-इन, कागदपत्रांची तपासणी, मग लांब मार्गिका आणि शेवटी गँगवे (धक्क्यावरून जहाजात नेणारा उताराचा पूल), असा सारा प्रवास उभ्याने करावा लागतो आणि मध्येच "जरा टेकते" म्हणायला जागा मिळेलच असे नसते. चालता येणे आणि पाऊण तास उभे राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हीलचेअरची मदत ही तेवढ्या अंतरापुरती घेतलेली सेवा आहे. जहाजात पोहोचल्यावर तीच व्यक्ती उठून काठी टेकत जेवणघरात गेली, तर कोणी भुवया उंचावत नाही. कर्मचाऱ्यांना हे रोजचे असते. माझी आत्या खुर्चीत बसायला अजिबात तयार नव्हती. शेवटी "खुर्चीवर तुझी पर्स आणि औषधांची पिशवी ठेवू, तू शेजारून चाल," असे ठरले. कागदपत्रांच्या रांगेपर्यंत ती चालली, मग कोणालाही न विचारता पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि परतीच्या दिवशी "खुर्ची आली का रे?" हे तिनेच आधी विचारले.

या मदतीत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही?

साधारणपणे टर्मिनलच्या दारापासून जहाजातील स्वागतकक्षापर्यंत किंवा केबिनच्या दारापर्यंत खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस मिळतो. उतरताना हाच क्रम उलटा. कपडे बदलणे, स्वच्छतागृहात मदत करणे, औषधे देणे किंवा व्यक्तीला उचलून पलंगावर ठेवणे ही कामे यात येत नाहीत. जिला खुर्चीतून पलंगावर जाण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, तिच्यासोबत घरचे माणूस किंवा प्रशिक्षित मदतनीस असणे भागच आहे, आणि अनेक कंपन्या तशी लेखी अटही घालतात.

मागणी केव्हा आणि कोणत्या शब्दांत करावी?

आरक्षण करतानाच करावी, आणि सफरीच्या आठवडाभर आधी ती नोंदली गेली आहे याची लेखी खात्री करून घ्यावी. एजंटमार्फत तिकीट काढले असेल, तर एजंटाने "सांगितले आहे" एवढ्यावर विसंबू नये. तो निरोप कंपनीच्या यादीत पोहोचला आहे, हे दाखवणारा ईमेल मागावा.

वेळेपेक्षाही शब्द अधिक महत्त्वाचे आहेत. आमच्या पहिल्या सफरीत मी फॉर्मवर फक्त "ज्येष्ठ नागरिक, मदत हवी" असे लिहिले होते. टर्मिनलच्या दारात खुर्ची हजर होती, पण गँगवेपाशी आल्यावर ढकलणाऱ्याने विचारले, "आजी चार पायऱ्या चढतील ना?" त्या दिवशी गँगवेच्या टोकाला पायऱ्या होत्या. आई एकही पायरी आधाराशिवाय चढत नाही. मग दुसरा माणूस येईपर्यंत आम्ही वाऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवत उभे राहिलो. चूक निम्मी त्यांची होती आणि निम्मी माझी, कारण "ज्येष्ठ" या शब्दावरून गुडघ्यांबद्दल काहीच कळत नाही.

विमान कंपन्या हाच भेद तीन प्रकारांत करतात : लांब अंतर चालू न शकणारी पण पायऱ्या चढू शकणारी व्यक्ती, पायऱ्याही चढू न शकणारी व्यक्ती, आणि आसनापर्यंत संपूर्ण मदत लागणारी व्यक्ती. क्रूझच्या फॉर्मवर अशी वर्गवारी नसली तरी आपण तीच माहिती आपल्या शब्दांत द्यावी. दुसऱ्या सफरीच्या वेळी मी पाठवलेला मजकूर असा होता : "वय ७६. दोन्ही गुडघ्यांचा संधिवात. आधाराने सुमारे ३० पावले चालतात. पायरी चढू शकत नाहीत. खुर्चीतून स्वतः उठून बसू शकतात. वजन ६८ किलो. स्वतःची घडीची खुर्ची सोबत आहे. रुंदी ६४ सेंटिमीटर. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा ढकलणारा माणूस हवा." वजन लिहिताना आई नाराज झाली, परंतु एक माणूस पाठवायचा की दोन, हे त्यावरूनच ठरते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगांचे सरकारी ओळखपत्र) दाखवावे लागते का?

चढण्या-उतरण्याच्या मदतीसाठी सहसा लागत नाही. कार्ड असल्यास जवळ ठेवावे. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांचे प्रवासयोग्यतेचे पत्र मात्र अवश्य घ्यावे.

मुंबईत टर्मिनलपर्यंत कसे पोहोचावे?

मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकच्या परिसरात आहे. नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तेथे चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर असून एकूण क्षेत्रफळ चार लाख चौरस फुटांहून अधिक आहे. वास्तू प्रशस्त झाली म्हणजे आतले चालणेही वाढले, हे "आता सगळे नवीन आहे, खुर्ची कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे ठिकाण जवळ आहे, तरीही गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला लोकलने आणू नये. हा परिसर बंदराच्या हद्दीत येतो, त्यामुळे तिकिटावर जे प्रवेशद्वार लिहिले असेल त्याच प्रवेशद्वाराने जावे. चुकीच्या गेटवर उतरले तर गोदीच्या भिंतीकडेने, मालट्रकच्या वर्दळीतून लांबचा वळसा पडतो. गाडी दारापर्यंत जाते की अलीकडे सोडावी लागते, हे कंपनीला आदल्या दिवशी विचारावे. घडीची खुर्ची काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मावण्यावर भरवसा ठेवू नये, कारण डिकीतील सीएनजीची टाकी बरीचशी जागा खाते. मोठी गाडी बोलवावी किंवा टपावर कॅरियर असलेली टॅक्सी पाहावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. चढण्याच्या वेळेच्या अगदी सुरुवातीला गर्दी असते आणि अगदी शेवटी घाई. मधला तास सर्वांत चांगला.

सुरक्षा तपासणीत खुर्चीवरून उठावे लागते का?

उठता येत असेल तर उठायला सांगतात. येत नसेल तर बसल्या जागी हाताने तपासणी करतात. गुडघ्याचे सांधे बदललेले असल्यास यंत्र वाजते. तसे आधीच सांगितले की काम सोपे होते.

गँगवेचा उतार किती असतो? त्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे, कारण संपूर्ण प्रवासातील खरी कसोटी हे चाळीस-पन्नास पावलांचे अंतरच असते. इमारतींमधील रॅम्पसाठी आपल्याकडे जास्तीत जास्त १ : १२ हा उतार ठरवलेला आहे, म्हणजे एक मीटर उंची चढायला बारा मीटर लांबी. गँगवेला हे प्रमाण पाळणे नेहमी शक्य नसते, कारण त्याचे एक टोक जमिनीवर असते आणि दुसरे तरंगत्या जहाजावर. जहाजाचा दरवाजा धक्क्यापेक्षा एक मीटर वर असेल आणि गँगवे सहा मीटर लांब असेल, तर उतार १ : ६ होतो. खुर्चीसह ८० किलो वजन अशा उतारावर चढवताना ढकलणाऱ्याला सुमारे १३ किलोचा भार सतत रेटावा लागतो. १ : १२ उतारावर तो जवळजवळ निम्मा असतो. म्हणून घरच्या माणसाने "मीच ढकलतो" असा हट्ट धरू नये. सरावलेल्या कर्मचाऱ्यालाही तेथे दुसरा हात लागतो.

मुंबईकरांनी येथे भरती-ओहोटीचाही विचार करावा. आपल्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि खुल्या धक्क्याला लागलेले जहाज पाण्याबरोबर तेवढेच वर-खाली होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. त्यामुळे चढताना दुपारी एक उतार दिसतो आणि परतीच्या सकाळी त्याच जागी दुसराच. कर्मचारी पाण्याची पातळी पाहून गँगवे हलवतात, कधी वेगळ्या मजल्यावरचा दरवाजा उघडतात. "थोडा वेळ थांबा" असे सांगितले गेले, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. त्या थांबण्यावर वाद घालू नये. घाईने तीव्र उतारावर नेण्यापेक्षा अर्धा तास सावलीत बसलेले बरे.

उतारावर खुर्ची नेताना काय पाहावे?

चढताना व्यक्तीचे तोंड पुढे असावे. उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठ उताराकडे ठेवून, हळूहळू मागे न्यावी. सरळ तोंडाने खाली नेल्यास बसलेली व्यक्ती पुढे घसरते. उलटे जाताना काही दिसत नाही म्हणून घाबरायला होते, हेही खरे. अशा वेळी घरच्यांपैकी एकाने व्यक्तीच्या समोर, नजरेला नजर देत चालावे आणि बोलत राहावे. पाय फूटरेस्टवरच हवेत, कारण गँगवे जेथे जहाजाला टेकतो तेथे धातूची पट्टी असते आणि लोंबकळणारा पाय नेमका तिथेच अडकतो. साडीचा काठ आणि ओढणी चाकापासून दूर खोचून घ्यावी. हातातली पर्स मांडीवर मोकळी न ठेवता पट्ट्याने अडकवावी; आईची चष्म्याची डबी अशीच घरंगळत गेली, ती गँगवेच्या कठड्याला अडली म्हणून वाचली.

जहाजाची व्हीलचेअर संपूर्ण सफरभर वापरता येते का?

सहसा नाही. जहाजावर मोजक्या खुर्च्या असतात आणि त्या चढणे, उतरणे आणि तातडीचे वैद्यकीय प्रसंग यांसाठी राखलेल्या असतात. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे चालणे बरेच असते, म्हणून ज्यांना दिवसभर खुर्चीची गरज भासेल त्यांनी स्वतःची न्यावी किंवा भाड्याने घ्यावी. मुंबईत वैद्यकीय साहित्य विकणाऱ्या अनेक दुकानांत घडीची खुर्ची दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळते. घेताना ब्रेक दोन्ही बाजूंनी लागतात का, फूटरेस्ट निघतो का आणि खुर्ची एका हाताने उचलता येते का, हे दुकानातच करून पाहावे.

यानंतर प्रश्न येतो केबिनच्या दाराचा. साध्या केबिनचे दार अनेक जहाजांवर ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते आणि नेहमीची घडीची खुर्ची बाहेरच्या चाकांसह ६३ ते ६८ सेंटिमीटर भरते. म्हणजे खुर्ची दारात अडणार, हे गणित घरीच कळते. अपंगांसाठी राखीव केबिनचे दार सुमारे ८० सेंटिमीटरचे असते, स्नानगृहाला उंबरठा नसतो आणि आधाराच्या दांड्या असतात. पण अशा केबिन थोड्याच असतात आणि लवकर भरतात. ती न मिळाल्यास व्यक्तीने दारापासून पलंगापर्यंत चालायचे आणि खुर्ची घडी करून आत घ्यायची, हा एकच मार्ग उरतो. खुर्ची बाहेरच्या मार्गिकेत ठेवू देत नाहीत, कारण आग लागल्यास तीच सुटकेची वाट असते. साध्या केबिनच्या स्नानगृहाला बरेचदा घोट्याएवढा उंबरठा असतो. रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्या माणसाला तो आधी दाखवून ठेवावा.

बॅटरीवर चालणारी खुर्ची किंवा स्कूटर नेता येते का?

कंपनीला मापे, वजन आणि बॅटरीचा प्रकार कळवून, लेखी परवानगी घेऊन नेता येते. चार्जिंग केबिनमध्येच करायचे असते; घरचा एक्स्टेंशन बोर्ड मात्र बहुतेक जहाजांवर चालत नाही आणि सामानात सापडल्यास काढून घेतात. मुंबईहून विमानाने सिंगापूर, दुबई किंवा युरोपला जाऊन तेथून जहाज पकडणार असाल, तर काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा पाहावी : एक बॅटरी असल्यास ३०० वॉट-तासांपर्यंत, दोन असल्यास प्रत्येकी १६० वॉट-तासांपर्यंत, आणि काढलेली बॅटरी विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. त्यासाठीही विमान कंपनीची मंजुरी आधी लागते.

आणीबाणीच्या सरावाच्या वेळी काय करायचे?

नव्याने आलेल्या प्रवाशांना सुरक्षा सूचना आणि जमण्याची जागा जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच दाखवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा सराव "आईला त्रास नको" म्हणून टाळू नये. खऱ्या आणीबाणीत लिफ्टवर विसंबता येत नाही, म्हणून पायऱ्या उतरू न शकणाऱ्या प्रवाशांची वेगळी नोंद जहाजाकडे असावी लागते. चढल्यावर पहिल्या तासातच स्वागतकक्षात केबिनचा क्रमांक देऊन "या प्रवाशाला पायऱ्यांवर मदत लागेल" असे नोंदवून घ्यावे आणि कोण येणार, कोठे थांबायचे, हे विचारून ठेवावे.

लक्षद्वीपमध्ये लहान बोटीतून उतरावे लागते म्हणतात. खुर्चीवरील व्यक्तीला ते जमेल का?

अगत्तीसारख्या बेटांपाशी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते दूर नांगर टाकते आणि प्रवासी लहान बोटीने किनाऱ्यावर जातात. ज्यांनी गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडली आहे, त्यांना हा प्रकार सांगायला नको : बोट लाटेबरोबर वर येते, खलाशी दंड धरतो, आणि "आता!" म्हटल्यावर पाऊल टाकायचे असते. जहाजाच्या बाजूने हे अधिक शिस्तीत होत असले, तरी पाऊल स्वतःचेच टाकावे लागते. कर्मचारी हाताला धरतात, व्यक्तीला उचलून नेत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असेल तर अधिकारी साफ नकार देऊ शकतात. बॅटरीची जड खुर्ची अशा बोटीत सहसा घेतच नाहीत.

माझे मत विचाराल, तर ज्यांना एक पायरीही चढता येत नाही त्यांच्यासाठी, जहाज थेट धक्क्याला लागते अशी बंदरे असलेलीच सफर निवडावी. मुंबई-गोवा किंवा मुंबई-कोची या मार्गांवर लहान बोटीचा प्रश्न सहसा येत नाही. लक्षद्वीपचीच हौस असेल, तर त्या दिवशी आईने डेकवर बसून निळे पाणी पाहायचे आणि बाकीच्यांनी आळीपाळीने बेटावर जायचे, असे घरी ठरवूनच निघावे. बोटीच्या दारापर्यंत नेऊन मग परत फिरवले की माणसाचा दिवसभर हिरमोड होतो.

परतीच्या सकाळी काय होते?

चढताना प्रवासी टप्प्याटप्प्याने येतात. उतरताना सगळे एकाच वेळी तयार असतात. त्यामुळे खुर्च्या अपुऱ्या पडतात, आणि ढकलणारा एक खेप करून परत येईपर्यंत वाट पाहावी लागते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत स्वागतकक्षात उतरण्याच्या मदतीची पुन्हा नोंद करावी, कारण चढतानाची नोंद आपोआप पुढे जाईलच असे नाही. मदत घेणाऱ्या प्रवाशांना बहुधा एका ठरावीक दालनात बसवतात आणि तेथून क्रमाने नेतात. त्या दालनाचे नाव, मजला आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी.

रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळची औषधे, इन्सुलिन, काठी, चपला आणि ओळखपत्र त्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. टॅक्सी जहाज धक्क्याला लागताच बोलवू नये. खुर्ची टर्मिनलच्या बाहेर आली की मगच बोलवावी. आम्हाला दालनापासून रस्त्यापर्यंत सव्वा तास लागला होता आणि दोन टॅक्सीवाले कंटाळून निघून गेले होते.

युरोपातून जहाज पकडत असल्यास नियम वेगळे आहेत का?

युरोपीय संघाच्या बंदरातून चढणाऱ्या प्रवाशांसाठी २०१० चा नियम क्रमांक ११७७ लागू होतो. त्यानुसार अपंग किंवा हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशाला बंदरात आणि जहाजावर विनाशुल्क मदत मिळण्याचा हक्क आहे. गरज किमान ४८ तास आधी कळवायची असते. मात्र मार्गावरील प्रत्येक बंदर पाहून घ्यावे. सँटोरिनीला मोठी जहाजे नांगरावर उभी राहतात, प्रवासी लहान बोटीने जुन्या बंदरात जातात, आणि तेथून कड्यावरच्या गावात जाण्यासाठी केबल कार, खेचरे किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या, एवढेच पर्याय असतात.

खुर्ची ढकलणाऱ्याला बक्षिशी द्यावी का?

सेवा विनामूल्य असते आणि कोणी मागितल्यास देण्याचे बंधन नाही. स्वखुशीने दिल्यास बहुतेक जण घेतात. टर्मिनलमधील माणूस आणि जहाजावरचा माणूस वेगळे असू शकतात, म्हणून सुट्या नोटा दोन ठिकाणी ठेवाव्यात. आईने परतीच्या दिवशी बक्षिशीबरोबर डब्यातले दोन बेसनाचे लाडूही त्या मुलाच्या हातावर ठेवले. तो कणकवलीचा निघाला, आणि मग टॅक्सी येईपर्यंत खुर्ची सोडून गेलाच नाही.